लोकमत कोणाचे धरायचे?

बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात, अंबाजोगाईपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर धर्मापुरी हे गाव आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले केदारेश्वराचे मंदिर आणि त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला तिथे अभ्यासक जातात. गावच्या किल्ल्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. एका राजवटीचे दगड दुसरीने उचलून वापरल्याची ही उघड खूण आहे. अशा गावांचा इतिहास आपण चालुक्य, यादव, बहामनी, निजाम असा राजवटींच्या क्रमाने सांगतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. गेल्या शंभर वर्षांत या भागाला जे खरे हादरे बसले ते शाळा-कॉलेजांच्या वाटेने आले. आजूबाजूच्यांना मुळीच न रुचणारी बाजू काही माणसांनी धरली, ती बाजू पुढे सर्वांची झाली, आणि ती धरताना ज्यांनी मार खाल्ला त्यांची नावे मागे पडली. मराठवाड्यातल्या या अप्रिय बाजूंचा, विशेषतः विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नाचा, इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. एखादी बाजू ‘लोकांना नको आहे’ असे म्हणताना लोक म्हणून कोणाला मोजले, हे आधी विचारले पाहिजे. मराठवाड्यात ती मोजणी बराच काळ अर्धवट होती, आणि त्या अर्धवट मोजणीची किंमत मोजणीत नसलेल्या माणसांनी दिली.

सुरुवात निजामाच्या राजवटीपासून केली पाहिजे. अंबाजोगाईचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते. मराठवाड्यात माध्यमिक शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि वरचे शिक्षण उर्दूतून होते. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मोमिनाबादच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. तीन वर्षांनी त्यांनी शाळा सोडली आणि ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्याच १९३८ च्या हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. शेकडो मुलांना काढून टाकले गेले. निजामाच्या राज्यात त्यांना दुसरीकडे प्रवेश मिळणे अशक्य होते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तुकाराम जयराम केदार यांनी त्यांना दारे उघडली, आणि त्या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाचा पाया याच पिढीने घातला. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही नावे या लढ्यातून पुढे आली.

या प्रसंगाकडे नीट पाहिले तर अप्रियतेचे दोन प्रकार वेगळे करता येतात. १९३८ ची मुले सरकारला अप्रिय होती. त्यांना कॉलेजातून काढले, काहींच्या घरांवर पाळत आली, शिष्यवृत्त्या गेल्या. पण सुटीत गावी परतल्यावर त्यांना घरचे दार उघडे होते. आई-वडील घाबरले असतील, नातेवाइकांनी समजावले असेल, तरी गावाच्या मनात त्यांच्याविषयी अभिमान होता. राज्यकर्त्यांचा रोष आणि शेजाऱ्यांचा आदर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्यांच्या वाट्याला आल्या. या धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण आपल्याच आळीतल्या, आपल्याच जातीतल्या, आपल्याच पक्षातल्या लोकांना नको असलेली बाजू धरणे हे वेगळ्या जातीचे धैर्य आहे. तिथे घरचे दारही बंद होते. मराठवाड्याच्या वाट्याला तो प्रसंग चाळीस वर्षांनी आला, आणि तेव्हा पहिल्या लढ्यातली काही मोठी माणसे गर्दीच्या बाजूला उभी होती. हा इतिहास सांगताना अनेकांना अवघडल्यासारखे होते. म्हणूनच तो सांगितला पाहिजे.

१९४८ मध्ये निजामाची राजवट संपल्यानंतरच्या दोन घटना मांडल्याशिवाय १९७८ चा नामांतराचा वाद समजत नाही. पहिली म्हणजे औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्यासारख्या मागास भागात उच्च शिक्षण आणण्याचा हा निर्णय बाबासाहेबांचा होता, आणि त्या वर्गांत सर्व जातींची मुले बसली. दुसरी घटना म्हणजे २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्याच्या कक्षेत होते. साठच्या दशकात अंबाजोगाई, परळी, लातूर, उदगीर अशा ठिकाणी कॉलेजे उभी राहिली आणि धर्मापुरीसारख्या गावातला मुलगा एस.टी.ने जाऊन पदवीधर होऊ शकला. त्याच्या घराण्यातला तो बहुधा पहिलाच. या पहिल्या पिढीच्या पदवीधराकडे प्रदेशाचे प्रतिनिधित्व आपोआप आले. परभणीला कृषी विद्यापीठ हवे म्हणून झालेले आंदोलन, १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन आणि वसमतचा गोळीबार या सगळ्यांत पुढे विद्यार्थीच होते. नोकऱ्यांत स्थानिकांना वाटा, रुंदमापी रेल्वे, उद्योग या मागण्या रास्त होत्या. मात्र त्या आंदोलनांतून ‘विद्यार्थी म्हणजे मराठवाडा’ असे एक समीकरण रुजले. विद्यार्थ्यांच्या कृती समितीने ठरवले म्हणजे मराठवाड्याने ठरवले, असे वर्तमानपत्रे लिहू लागली आणि मंत्री मानू लागले.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. ठरावाची बातमी येताच मराठवाडा पेटला. बंद झाले, रेल्वेमार्ग आणि पूल उखडले गेले, आणि लवकरच आंदोलनाचा रोख सरकारवरून सरकून खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांकडे वळला. शेकडो गावांत घरे जाळली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, कुटुंबे रातोरात गाव सोडून गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. विधिमंडळात ज्या ठरावाविरुद्ध एकही हात वर झाला नव्हता, त्याच्यासाठी मराठवाड्यात रस्त्यावर येऊन बोलायला सत्ताधारी आमदारांपैकी फारच थोडे पुढे आले. सरकारने अंमलबजावणी थांबवली. त्यानंतर साडेपंधरा वर्षे तो ठराव तसाच राहिला. मधल्या काळात शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण हे मराठवाड्याचेच दोन नेते मुख्यमंत्री होऊन गेले, पण निर्णय झाला नाही.

विरोधकांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण तिचे नेतृत्व करणारी माणसे क्षुद्र नव्हती. गोविंदभाई श्रॉफ यांनी निजामाविरुद्ध आयुष्य पणाला लावले होते. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांची लेखणी कोणत्याही सत्तेपुढे वाकली नव्हती. त्यांचे म्हणणे असे होते की मराठवाडा हे नाव मुक्तिलढ्याने मिळवलेले आहे, विद्यापीठ ही या प्रदेशाच्या अस्मितेची पहिली संस्था आहे, आणि तिचे नाव मुंबईत बसलेल्या सरकारने इथल्या लोकांना न विचारता बदलणे हा प्रदेशाचा अवमान आहे. बाबासाहेबांविषयी त्यांनी अनादर दाखवला नाही. त्यांना उर्वरित महाराष्ट्रातल्या पुरोगामी मित्रांचा रोष पत्करावा लागला, आणि त्या अर्थाने तेही अप्रिय ठरले. म्हणजे अप्रियतेची मोजणी कुठे उभे राहून करता यावर सगळे अवलंबून होते. पुण्या-मुंबईच्या सभेत गोविंदभाई एकटे होते. औरंगाबादच्या सभेत त्यांच्यामागे हजारो लोक होते.

दुसऱ्या बाजूला कोण उभे होते? एसेम जोशी वयाची सत्तरी ओलांडल्यावर नामांतराची बाजू समजावून सांगायला औरंगाबादला गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे हे सेनापती, ज्यांच्या सभांना एके काळी मैदाने अपुरी पडत, त्यांच्या गळ्यात तिथे चपलांचा हार पडला. समाजवादी कार्यकर्त्यांपैकी आणि युवक क्रांती दलाच्या तरुणांपैकी अनेकांनी नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिला. डाव्या पक्षांनी नामांतराला पाठिंबा दिला. त्यांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष होता, ज्याचे गंगाधरअप्पा बुरांडे तेव्हा बीडचे खासदार होते. हा जिल्हा तसा रूढ समीकरणांच्या बाहेरची माणसे निवडण्यात मागे नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्यातून आलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर बीडनेच लोकसभेत पाठवले होते. उजवीकडेही चित्र एकरंगी नव्हते. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने नामांतराला पाठिंबा दिला, आणि परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे, अंबाजोगाईच्या कॉलेजातून पुढे आलेले गोपीनाथ मुंडे नामांतराच्या बाजूने राहिले. त्यांच्या पक्षाचा पुढचा मित्रपक्ष शिवसेना नामांतराच्या विरोधावर मराठवाड्यात पाय रोवत असतानाही त्यांनी ती भूमिका सोडली नाही. विचारसरणीने एकमेकांपासून कोसो दूर असलेली ही माणसे एकाच अप्रिय बाजूला आली, यावरून त्या बाजूमागे केवळ एका पक्षाचा हिशेब नव्हता एवढे नक्की.

पण ही सारी नावे ज्यांच्या प्रश्नासाठी पुढे आली, त्यांची बाजू ‘अप्रिय’ म्हणणेच मुळात चुकीचे आहे. खेड्यातल्या दलित वस्तीत नामांतर अप्रिय नव्हते. तिथे ते घराघरांत हवे होते. ११ नोव्हेंबर १९७९ ला जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला तेव्हा त्यात चालणाऱ्यांत शेतमजूर होते, बाया होत्या, कॉलेजची पोरे होती. तो वाटेत अडवला गेला, लाठ्या पडल्या, माणसे तुरुंगात गेली, आणि तरी पुढची चौदा वर्षे मागणी विझली नाही. एवढ्या मोठ्या समाजाचा एवढा दीर्घ आग्रह जर ‘लोकमत’ या हिशेबात धरला जात नसेल, तर त्या हिशेबात धरले जाणारे लोक कोण, याचे उत्तर सोपे आहे. वर्तमानपत्र वाचणारे, कृती समितीत बसणारे, चावडीवर ज्यांचा शब्द चालतो ते. गावाचे मत म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा गावात बोलण्याचा अधिकार असलेल्यांचे मत असते. वेशीबाहेरच्या वस्तीने सभेला यायचे ते ऐकण्यासाठी, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. १९७८ मध्ये मराठवाड्याचे मत याच रीतीने मोजले गेले.

यावर पहिला आक्षेप प्रादेशिक अस्मितेचा येतो, आणि तो गंभीर आहे. मराठवाडा हे नाव पुसले जाणे अनेकांना खरोखर लागले होते. निजामाच्या काळात ज्यांना अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणावे लागले त्यांना नावांचे दुःख काय असते हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मुक्तिलढ्यानंतर अंबाजोगाईला आपले नाव परत मिळाले, ही या भागाच्या अभिमानाची गोष्ट होती. परंतु इथे दोन्ही उदाहरणांतला फरक पाहावा. मोमिनाबाद हे नाव जेत्याने लादलेले होते. बाबासाहेबांचे नाव या प्रदेशात कॉलेज आणणाऱ्या माणसाचे होते, आणि ते मागणारे लोक याच मातीतले होते. शिवाय संस्थेला व्यक्तीचे नाव देणे या भागाला परके नव्हते. यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचे मंदिर अंबाजोगाईत आजही उभे आहे. सर्वांत बोलका पुरावा १९९४ चाच आहे. त्या वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १७ सप्टेंबरला त्याच्यातून नांदेडचे विद्यापीठ वेगळे निघाले. त्याचे नाव ठेवले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. रचना हुबेहूब तीच, आधी थोर पुरुषाचे नाव आणि मग प्रदेशाचे. त्या नावासाठी एकही झोपडी जळली नाही. स्वामीजींचे मोठेपण निर्विवाद आहे आणि या तुलनेत त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. पण प्रदेशाचे नाव राखून थोर माणसाचे नाव जोडणे हा मार्ग १९७८ मध्येही मोकळा होता. तो कोणी पुढे रेटला नाही, कारण आग भडकवणाऱ्यांना व्यक्तीचे नाव नको होते असे नाही, त्यांना हे एक नाव नको होते. विरोधी नेत्यांचा हेतू शुद्ध असला तरी त्यांच्यामागे आलेल्या गर्दीचा हेतू तसा नव्हता, हे त्यांना ऑगस्ट १९७८ मध्येच दिसायला हवे होते. वस्त्या जळू लागल्यावर त्या गर्दीपासून स्पष्टपणे वेगळे होऊन उभे राहणे हे त्यांच्या आधीच्या आयुष्याला साजेसे ठरले असते. ते पुरेशा ठामपणे झाले नाही, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. नावाने काय होते, मराठवाड्याला पाणी हवे, रेल्वे हवी, नोकऱ्या हव्यात, असे तेव्हा म्हटले जाई आणि आजही म्हटले जाते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आधी विचार करावा की नाव इतके क्षुल्लक असेल तर त्याला विरोध करण्यासाठी एवढी आग का लावली गेली. खेड्यांत ज्यांच्यावर हल्ले झाले त्यांनी त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत गावकीची हलकी कामे नाकारली होती, गायरानावर हक्क सांगितला होता, पोरांना शिष्यवृत्तीवर कॉलेजला घातले होते. अत्याचार विरोधी समितीने दंगलीनंतर गावोगाव फिरून केलेला अहवाल १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यातून आणि त्या काळच्या इतर लेखनातून हेच दिसते की नामांतर हे निमित्त होते आणि राग या बदललेल्या वागण्यावर होता. ज्याने जमीन मागितली, ज्याने मान वर केली, तो आधी लक्ष्य झाला. मग नावाचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न उरतच नाहीत. विद्यापीठाच्या कमानीवरचे नाव मान्य करणे म्हणजे त्या मुलाचे वर्गातले स्थान मान्य करणे होते, आणि हे दोन्ही बाजूंना नीट कळले होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ठराव घाईने झाला, त्यामुळे दलितांचेच प्राण गेले, लोकांचे मन तयार होईपर्यंत थांबले असते तर एवढा रक्तपात टळला असता, असा तो आहे. तो करुणेपोटी येतो म्हणून त्याला उत्तर देताना जपून बोलावे लागते. १९७८ च्या ठरावात दोष होता हे खरे. मात्र तो दोष निर्णय घेण्याचा नव्हता. निर्णय घेतल्यावर सरकारने तो गावोगाव जाऊन सांगितला नाही, आणि जिथे हल्ले होणार हे उघड होते तिथे संरक्षणाची तजवीज केली नाही. मुंबईत एकमताने हात वर करणाऱ्यांपैकी किती जण आपल्या मतदारसंघात जाऊन चावडीवर बसले आणि म्हणाले की हो, मी मत दिले आणि का दिले ते ऐका? एसेमना चपलांचा हार पडला याचे एक कारण असे की ते गेले. बाकीचे गेले नाहीत म्हणून वाचले. अप्रिय निर्णय घेणाऱ्याने प्रिय निर्णयापेक्षा अधिक हिंडले पाहिजे, अधिक बोलले पाहिजे आणि ज्यांच्यावर त्याचा राग निघणार त्यांच्या दारात आधी उभे राहिले पाहिजे. ते न करता सरकारने जाळपोळीनंतर पाऊल मागे घेतले, आणि जाळपोळ केली की ठराव थांबतो हा धडा सर्वांना मिळाला. थांबण्याने मन तयार झाले असे पुढची पंधरा वर्षे सांगत नाहीत. त्या काळात विरोध शमला नाही, तो संघटित झाला आणि निवडणुकीचे भांडवल बनला. हल्ले, सत्याग्रह, लाठीमार चालूच राहिले. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे या तरुणाने नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. थांबण्याचीही किंमत प्राणांनीच चुकवावी लागली, आणि ती त्याच लोकांनी चुकवली.

आता उरतो तो आक्षेप तत्त्वाचा आहे. अप्रिय बाजू धरणाऱ्याला असा मान द्यायचा तर उद्या कोणीही हेकट माणूस म्हणेल, लोक माझ्या विरोधात आहेत म्हणजे मीच बरोबर आहे. हे म्हणणे योग्य आहे आणि त्याचा निकाल लावला पाहिजे. अप्रियता हा सत्याचा पुरावा नाही, जशी लोकप्रियताही नाही. मग कसोटी कोणती? मला दोन कसोट्या उपयोगी वाटतात. एक, ती बाजू धरल्याने धरणाऱ्याला काय मिळते आणि त्याची किंमत कोण देतो. एसेमना औरंगाबादेत जाऊन मिळवायचे काही नव्हते. पोचीराम कांबळेंना तर नव्हतेच. दुसरी कसोटी त्याहून काटेकोर आहे. ती बाजू प्रत्यक्षात उतरल्यावर, विरोध करणाऱ्यांचे जे नुकसान होईल असे सांगितले जात होते, ते झाले का? नामांतराच्या बाबतीत ही परीक्षा इतिहासाने घेऊन टाकली आहे. १४ जानेवारी १९९४ नंतर मराठवाड्याचे नाव पुसले गेले नाही. कोणाचीही पदवी उणी झाली नाही. कोणत्याही जातीच्या मुलाची जागा गेली नाही. १९९५ च्या मार्चमध्ये काँग्रेसची सत्ता गेली. मराठवाड्यात नामांतराचा राग हे त्याचे एक कारण होते असे पुष्कळ जण मानतात, मात्र बंडखोरी, मुंबईतल्या दंगलींनंतरचे ध्रुवीकरण आणि भ्रष्टाचाराचे आरोप ही कारणेही होती, त्यामुळे पराभवाचा सगळा भार या एका निर्णयावर टाकता येत नाही. काही असो, ज्या शिवसेनेने नामांतराला उघड विरोध केला होता तिचाच मुख्यमंत्री झाला, पूर्ण साडेचार वर्षे युतीचे सरकार राहिले, आणि विद्यापीठाच्या नावाला त्याने हात लावला नाही. ज्या लोकमताच्या भीतीने साडेपंधरा वर्षे निर्णय रखडला, ते लोकमत निर्णय झाल्यावर उलटवण्याची मागणी घेऊन कधीच आले नाही.

पुढे जे घडले त्याकडे पाहिले की १९७८ चा आग्रह किती साधा होता हे कळते. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आणि अमरावती विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडले गेले. जळगावला बहिणाबाई चौधरी आल्या, सोलापूरला अहिल्यादेवी होळकर आल्या. कुठे नावावरून मतभेद झाले, पण त्यासाठी घरे जळली नाहीत. आधी थोर व्यक्तीचे नाव आणि मग गावाचे किंवा प्रदेशाचे, ही पद्धत आता महाराष्ट्रात रूढ आहे. औरंगाबाद शहराचे नाव तर छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. नावे बदलू नयेत असे तत्त्व म्हणून कोणीच धरून बसलेले नाही. मराठवाड्याने ज्या गोष्टीसाठी माणसे गमावली ती गोष्ट महाराष्ट्राने पुढे पुन्हा पुन्हा सहज केली.

दर वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपुढे लोक मोठ्या संख्येने जमतात, शहिदांची नावे घेतात. त्या यादीत जी नावे आहेत ती आंबेडकरी समाजाने जपली म्हणून टिकली. पण ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत अशीही माणसे होती. ज्या शिक्षकाने वर्गात नामांतराची बाजू मांडली आणि ज्याची बदली झाली, ज्या शेतकऱ्याने दंगलीच्या रात्री दलित कुटुंबाला आपल्या गोठ्यात लपवले आणि मग भावकीचा बहिष्कार सोसला, ज्या विद्यार्थ्याने कृती समितीत एकट्याने विरोधी मत दिले, अशी माणसे प्रत्येक तालुक्यात निघतील, कारण त्यांच्यावाचून त्या ऑगस्टमध्ये वाचलेली कुटुंबे वाचली नसती. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत कधी आली, कोणाच्या आधारावर आली, हेही त्या कुटुंबांनाच ठाऊक आहे. धर्मापुरीच्या मंदिराची मोजमापे आणि शिल्पांची वर्णने अभ्यासकांनी काळजीपूर्वक लिहून ठेवली आहेत, ते उत्तम काम आहे. त्याच परिसराच्या १९७८ च्या इतिहासाला मात्र शिलालेख नाही, तो माणसांच्या तोंडी आहे. तेव्हा विशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. अंबाजोगाई, परळी आणि बीडच्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी, दोन्ही विद्यापीठांनी आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी या माणसांकडे आता जावे, दोन्ही बाजूंच्या साक्षी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे काम पुढच्या चार-पाच वर्षांत उरकावे.